अकरा नंबरचं झाड

मामा, तुमच्या दहाव्याला चार माणसांत मी तुम्हाला खोटं पाडलं. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते, म्हणजे रागवायचं असेल तर तुम्हाला सरळ माझ्यावरच रागावता येईल.

माण नदीच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. बाभळीवर तीन कावळे बसले होते, आमच्याकडे बघत होते, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हते. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन तुमची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द द्यायला सुरुवात केली. मामी म्हणाली, ठिबकच्या जुन्या नळ्या बदलून घेते. धाकटे मामा म्हणाले, बांधावरून कुणाशी भांडणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी तुमचा सचिन हात जोडून पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "आप्पा, ताईचं जे औषद तुमी घेत हुता, ते आमी घराघरात पोचवू. आपल्याच बागंच्या सालीची पावडर करू, तुमचा फोटू लावू. तुमी जसं दोन वर्सं काढली, तशी समद्यांनी काढली पायजेत."

गर्दीतून "व्हय, व्हय" असा आवाज आला. माझ्या शेजारी मोडनिंबहून आलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या बायकोला तुमचाच आजार आहे. तुमच्या ओळखीचे नव्हते ते, केवळ तुमचं नाव ऐकून आले होते आणि सकाळपासून मला एकटीला गाठायला बघत होते. सचिन बोलला तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. ते बघितलं आणि मला राहवलं नाही.

मी म्हटलं, "मामांनी माझं औषध कधी घेतलं नाही. माझ्याकडे औषध नाहीच. माझ्याकडे सालीचा अर्क आहे आणि डबीत वाढवलेल्या पेशी आहेत. माणसाला द्यायचं असं माझ्याकडे काही नाही."

"मग आप्पा सांगत हुतं ते?" मोडनिंबच्या गृहस्थांनी विचारलं.

"मामा खोटं सांगत होते."

पुढे काय झालं असेल ते तुम्हाला ठाऊक आहे, आपलीच माणसं आहेत. धाकटे मामा म्हणाले, शिकलेल्या पोरी असल्याच. सचिन म्हणाला, ताई, आजच्या दिवशी तरी. मामीने पदर तोंडाला लावला तो काढलाच नाही. मोडनिंबच्या गृहस्थांना मी सोलापूरच्या तुमच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. त्यांनी तो घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही. या सगळ्या गलक्यात कावळा केव्हा येऊन गेला ते कुणाला कळलंसुद्धा नाही. पिंड अर्धा संपलेला आधी मामीने बघितला. आता गावात दोन पक्ष पडलेत. सचिनच्या शब्दावर शिवला असं एक म्हणतो, माझ्या बोलण्यावर शिवला असं दुसरा. एका कावळ्यावरून निष्कर्ष काढायला मला शिकवलेलं नाही.

पण खोटं तुम्ही बोललात, मामा, हे खरंच आहे. आणि ते काही पहिल्यांदा नव्हे.

पाच वर्षांपूर्वी मी पीएचडीचा विषय घेतला तेव्हा घरात फक्त तुम्हीच नीट विचारलंत की मी करते काय. आईला मी सोलापुरात भवानी पेठेत खोली घेऊन एकटी राहते याचीच काळजी होती. तुम्ही मात्र बागेत बांधावर बसून म्हणालात, "सांग, पण मराटीत सांग." मी सांगितलं की फुप्फुसातली गाठ इतक्या घाईने वाढते की तिच्या आतल्या भागापर्यंत रक्त पोचत नाही, म्हणजे ऑक्सिजन पोचत नाही. तिथल्या पेशी गुदमरून मरायला हव्यात. पण त्या मरत नाहीत. हवा कमी पडली की त्यांच्यात एक प्रथिन जागं होतं आणि हुकूम सोडायला लागतं: साखर वेगळ्या रीतीने जाळा, नवीन रक्तवाहिन्या मागवा, औषधाला दाद देऊ नका. हवा भरपूर असली की हे प्रथिन तयार होतं तसं काही मिनिटांत मोडलं जातं. हवा तुटली की ते टिकतं आणि राज्य करतं. डाळिंबाच्या सालीतल्या द्रव्यांनी त्याला आवरता येतं का, ते मी बघते.

त्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजी गाठ ताणावर हाय."

मामा, हे वाक्य मी माझ्या मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकून हसल्या, आणि मग म्हणाल्या की माझ्या पहिल्या प्रकरणातली सहा पानं यात आली. बहार धरायचा तर तुम्ही बागेचं पाणी तोडता. महिना-दीड महिना झाड कोरडं ठेवता, पानं गळतात, नवख्या माणसाला वाटावं की बाग गेली. आणि पाणी सोडलं की तेच झाड फुलांनी लगडतं. आयुष्यभर तुम्ही हेच करत आलात, त्यामुळे अडचणीत आलेला जीव मरेलच असं नाही, तो इरेला पेटतो, हे तुम्हाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. त्या प्रथिनाचं नाव तुमच्या जिभेवर बसेना, म्हणून तुम्ही त्याला मुकादम म्हणायला लागलात. पुढे आमच्या प्रयोगशाळेतही तेच नाव पडलं. "आज मुकादम दिसला का?" मॅडमसुद्धा विचारायच्या.

कमी ऑक्सिजनची आमची पेटी म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकचा एक खोका, त्याला नायट्रोजनची नळी. आत पेशींच्या डब्या. काम करताना पेटी उघडी राहिली की चार-पाच मिनिटांत मुकादम गायब, आणि दोन दिवसांचं काम पाण्यात. एकदा तुमचा फोन आला म्हणून मी दार नीट लावलं नाही आणि तसं झालं. त्यानंतर तुम्ही मला कधी "कशी हायस" असं विचारलं नाही. फोन उचलला की तुमचं पहिलं वाक्य, "पेटी उगडी हाय का?" मी "बंद आहे" म्हटल्यावर मगच पुढचं. गेल्या चौदा-पंधरा दिवसांत फोन वाजला की माझ्या तोंडून आधी "बंद आहे" जातं. परवा आईने विचारलं, काय बंद आहे.

तुम्ही मला झाड दिलंत. अकरा नंबरचं, विहिरीकडच्या ओळीतलं. माझी अट एकच होती: त्याच्यावर कसलीही फवारणी नको, कारण सालीवर जे बसेल ते अर्कात उतरेल आणि मग पेशींना काय झालं ते सालीमुळे की फवाऱ्यामुळे, हे कळणार नाही. तुम्ही "व्हय" म्हणालात. खोडाला चुन्याने अकराचा आकडा घातलात. फळं स्वतः सोललीत, साल माळवदावर सावलीत वाळवलीत आणि एसटीतून मांडीवर पिशवी घेऊन सोलापूरला आलात. माझ्या वहीत तक्ता होता. स्रोताच्या रकान्यात मी लिहिलं, अकरा नंबरचं झाड. फवारणीच्या रकान्यात लिहिलं, नाही, आणि पुढे, मामांच्या सांगण्यावरून.

अर्कानं कमाल केली. साध्या हवेतल्या पेशींना फारसं काही झालं नाही, पण पेटीतल्या पेशी पटापट गेल्या, आणि त्यांच्यातला मुकादम असा काही पुसला गेला की मी तीनदा करून बघितलं. मी नाचले होते मामा, त्या खोलीत, एकटी. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "मंग, झाड कुनाचं हाय?"

पुढच्या बहाराच्या सालीनं काहीच केलं नाही. पेशी मजेत, मुकादम जागेवर. मी पाणी बदललं, डब्या बदलल्या, नव्या पेशी मागवल्या. दोन महिने गेले. मग मॅडमनी शांतपणे सांगितलं की दोन्ही अर्क धातूंच्या तपासणीला पाठव. पहिल्या अर्कात तांबं निघालं. थोडंथोडकं नाही.

डाळिंबवाल्याला तांबं म्हटलं की सांगावं लागत नाही. तेल्या रोगाचे काळे तेलकट ठिपके पडले की मोरचूद आणि चुना कालवून मारतात, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. मी त्याच दिवशी सांगोल्याची गाडी पकडली. तुम्ही पंपाच्या खोलीपाशी होतात. मी काही विचारायच्या आधी मला तुमची प्लास्टिकची बादली दिसली, निळ्या कडेची. म्हणजे मूळची पांढरी, कड मोरचुदाने निळी झालेली.

"अकराला मारलं होतं?"

तुम्ही बादली उचलून उगाच आत ठेवलीत. मग म्हणालात, "पानावर ठिपकं दिसलं. येकदाच मारलं. तुजं झाड गेलं असतं तर तुजं काम बुडलं असतं, वर्षे."

मी काय काय बोलले ते मला आठवतं आणि तुम्हालाही आठवत असणार. तुमच्या एका फवाऱ्याने माझं वर्ष गेलं, असं म्हटलं. अडाणी म्हटलं. माझं नाव तुम्ही ठेवलं होतंत, दुष्काळात जन्मले म्हणून वर्षा; मी म्हटलं की नाव तुम्हीच ठेवलंत आणि तुम्हीच पुसलंत. तुम्ही ऐकून घेतलंत. तुमचं म्हणणं एवढंच होतं की तेल्या समोर दिसत असताना झाडाकडे नुसतं बघत बसायचं, हे तुम्हाला जमण्यासारखं नाही. "डोळ्यादेकत रोग कसा वाढू द्यायचा?" असं दोनदा म्हणालात. मी म्हटलं, द्यायचा, मी सांगितलं असेल तर द्यायचा. न जेवता परत आले. मामीने दशम्या बांधून दिल्या होत्या त्याही ओट्यावर ठेवून आले.

त्यानंतर चार महिन्यांनी तुमच्या खोकल्यामागे फुप्फुसातली गाठ निघाली.

लोक भेटायला यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "बिडी ओढत होते का?" एकदा कारण कळलं की त्यांचा जीव थंड व्हायचा, आपण ओढत नाही म्हणजे आपण सुटलो. तुम्ही ओढायचात, सोडलीत, सोडूनही जमाना झाला. विचारणाऱ्याला तुम्ही म्हणायचात, "व्हय, वडायचो की. आता तू आलास त्ये बिडी न्याला का मला बगाय?" मी कारणं शोधणारी माणूस आहे, तरी सांगते, तो प्रश्न विचारणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. माणूस धापा टाकत समोर बसलेला असताना त्याच्याकडून चुकीची कबुली काय घ्यायची.

उपचारांसाठी तुम्ही माझ्या भवानी पेठेतल्या खोलीवर राहायला आलात. खालच्या मजल्यावर माग, दिवसभर खटखट, शेजारचे मास्तर तुमच्याशी तेलुगू मिसळून बोलायचे आणि तुम्ही सगळ्याला "व्हय की" म्हणायचात. केमोच्या सलाईनचे फेरे झाले, मध्ये बरे झालात, गावी जाऊन छाटणी करून आलात, परत गाठ वाढली. शेवटी शेवटी घरी ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागलं. मी दिवसभर पेटीतली हवा काढत होते आणि संध्याकाळी येऊन तुमच्या नाकाची नळी नीट करत होते. तुम्हीच म्हणालात, "तितं तू हवा तोडतीयास, हितं जोडतीयास. येकदा काय त्ये ठरीव." मला हसू आलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे तुम्हाला कळलं होतं, कारण तुम्ही लगेच चहा मागितलात, तुम्हाला नको असताना.

आणि मग ती दुपार. आपलं भांडण जिथे अर्धवट राहिलं ती.

"ती बाटली आन," तुम्ही म्हणालात. "तुज्या सालीची. मी घेतो."

मी म्हटलं, "नाही."

"सही करून देतो. अंगटा बी देतो."

"मामा, डबीतल्या पेशी मरतात म्हणजे माणूस बरा होतो असं नसतं. डबीत मीठ जास्त टाकलं तरी पेशी मरतात. पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात किती उतरतं, गाठीपर्यंत किती पोचतं, तुमच्या सलाईनच्या औषधाशी भांडतं का, काहीच माहीत नाही मला. उलटं झालं तर?"

"उलटं हून काय व्हायचं ऱ्हायलंय?"

"तरी नाही."

"मंग करतीयास कशापायी?" तुम्ही विचारलंत. "मला न्हाय, कुनालाच न्हाय. मंग कुनासाटी?"

माझ्याकडे उत्तर होतं. व्याख्यानात देतात तसं, की आज पेशी, मग प्राणी, मग माणसं, त्याला वर्षं लागतात. नाकात नळी असलेल्या माणसाला ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत, शेजारच्या मास्तरांशी बोललात.

मामा, हे कुणालाच माहीत नाही, मॅडमनाही नाही. दुसऱ्या दिवशी मी ती बाटली आणली होती. पहिल्या बहाराची, जिने कमाल केली होती ती. डब्याच्या पिशवीत रुमालात गुंडाळून. जिन्यात उभी राहिले. वरून तुमच्या यंत्राचा आवाज येत होता. मनात म्हटलं, एवढं वाचलं, एवढं शिकले, पण हा माणूस मला लहानपणी खांद्यावरून बाजाराला नेणारा आहे आणि तो मागतोय. मग बाटलीवरचं माझ्याच हातचं लेबल दिसलं आणि आठवलं की यात तांबं आहे. तुमचंच मोरचूद. तुम्हीच मारलेलं मी तुम्हाला पाजायला निघाले होते. तशीच खाली उतरले आणि बाटली परत नेऊन कपाटात ठेवली.

मी चुकले का? तुम्ही असतात तर अजून भांडलो असतो. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं, आणि हे वाटणं मी सोडणार नाही, कितीही रडू आलं तरी. पण तुम्हाला "नाही" म्हणताना माझा आवाज कोरडा होता. तो तसा नसता तर बरं झालं असतं. त्याची माफी मागायची राहिली, ती आत्ता मागते.

मग तुम्ही गावाकडे परतलात आणि सगळ्यांना सांगत सुटलात, "भाचीचं औषद चालू हाय. लई गुन हाय." मला फोनवर लोक विचारायला लागले तेव्हा मला कळलं. तुम्हाला झापायचं ठरवलं आणि झापलं नाही, कारण तोवर तुमचं वाक्य मध्येच तुटायला लागलं होतं. आता वाटतं, तुम्हाला औषध मिळालं नाही हे लपवत होतात, की भाचीने दिलं नाही हे? मला वाटतं दुसरं. माझी बाजू सांभाळत होतात. जसं झाड सांभाळलंत, तसंच. न सांगता एक फवारा मारलात आणि म्हणालात, पोरीचं काम बुडायला नको.

म्हणूनच दहाव्याला मला गप्प बसता आलं नाही. तुम्ही दोन वर्षं काढलीत ती डॉक्टरांच्या औषधांवर, मामीच्या हातच्या पेजेवर आणि तुमच्या हट्टावर. यातलं कुठलंही मला पुडीत बांधता येत नाही. सचिन वाईट नाही, बापाचं नाव राहावं असं त्याला वाटतं. पण त्या फोटोखाली मोडनिंबच्या बाईने सलाईन सोडून चमचाभर पावडर सुरू केली, तर तिच्या नवऱ्याला मी काय सांगू? तुमच्या एका कौतुकाच्या खोट्यासाठी मी कुणाची बायको पणाला लावू देणार नाही. तुम्ही माझ्याकडे कितीही वेळ पाठ फिरवून झोपा.

तेराव्यापर्यंत घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मामी ताट वाढायची आणि निघून जायची. तेराव्याची जेवणं उरकल्यावर ती मला म्हणाली, "चल." बागेतून पुढे चालायला लागली. मी मागून. मला वाटलं, एकांतात बोलणार, बोलू दे.

विहिरीकडच्या ओळीत एका झाडाभोवती बांबू रोवून मामीच्या जुन्या लुगड्यांचा आडोसा केलेला होता, चारी बाजूंनी, माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. उन्हासाठी बागेवर लुगडी टाकतात ती वरून. हा नुसताच भिंतीसारखा उभा. मामीने एक लुगडं बाजूला केलं. चुन्याचा अकरा.

पानं काळ्या ठिपक्यांनी भरलेली. राहिलेल्या दोन-चार फळांवर तेलकट डाग, आणि मधोमध चांदणीसारखी भेग. चारी बाजूंची झाडं हिरवीगार, पानांवर मोरचुदाचा निळसर थर. मध्ये हे एकटं.

मामी सांगत होती. गावी परतल्यावर तुम्हीच बांबू रोवून घेतलेत. बाकीच्या बागेवर फवारा मारताना वाऱ्याने इकडे उडू नये म्हणून लुगडी. नळी लावून खाटेवर पडून असायचात आणि सचिन फवारायला निघाला की विचारायचात, वारं कुटनं हाय. ठिपके दिसायला लागले तेव्हा सचिन म्हणाला मारू का, तर तुम्ही अंगावर ओरडलात, आणि मग खोकत बसलात. "मला म्हनलं, सखू, मला हितनं दिसतंय त्ये झाड, खाट फिरीव," मामी म्हणाली. "आन फिरीवली तर पुन्ना म्हनलं, न्हाय, हुती तशीच कर." डोळ्यादेखत रोग कसा वाढू द्यायचा, असं मला विचारणारे तुम्ही. आयुष्यात एका पानावरचा एक ठिपका ज्यांनी सहन केला नाही ते तुम्ही.

एवढंही कमी पडलं म्हणून की काय, चांगली निघाली तेवढ्या फळांची साल तुम्ही मामीकडून सोलून घेतली होती, तुमच्या देखरेखीत. मामीने घरी येऊन माळवदावरून कापडी पिशवी काढून दिली. गाठीला बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा बांधलेला. त्यावर तुमचं अक्षर, सातवीपर्यंतचं, नळी लावलेल्या माणसाचं, ओळी खाली खाली घसरत गेलेल्या:

"अकरा लंबर. मोरचुद न्हाय. चुना न्हाय. कायबी न्हाय. तेल्या आला. येऊ दिला."

मामी म्हणाली, "तू दहाव्याला बोललीस तवा मला राग आला हुता. मंग घरी येऊन ह्यो पुट्टा परत बगितला. त्यांनी बी शेवटाला खरंच लिवलंय की." आणि तिने मला जवळ घेतलं.

झाड सचिनने काल उपटून जाळलं. मीच हो म्हटलं, नाहीतर तेल्या सगळ्या ओळीत गेला असता. म्हणजे आता जगात अकरा नंबरची एवढीच साल उरली आहे, एकदा प्रयोग करायला पुरेल इतकी. रोगट झाडाच्या सालीत द्रव्यं कमी असतात की जास्त, तेही वेगळं मोजावं लागेल. कदाचित पेटीतल्या पेशी मजेत राहतील आणि मुकादम जागेवर बसून हसेल. तसं झालं तर तसंच छापीन. काही निघालं तर जितकं निघालं तितकंच छापीन, चिमूटभर जास्त नाही. पण करणार, मामा. तुम्ही विचारलं होतंत कुणासाठी. मोडनिंबच्या त्या बाईला मी काही देऊ शकत नाही, तिच्या नातीलाही कदाचित नाही. पण ज्या आजाराने तुमचा श्वास मोजून मोजून घेतला, मी त्याला त्या पेटीत बसवून एकेक प्रश्न विचारणार आहे, आणि माझे दिवस संपेपर्यंत विचारणार आहे. माझ्यावर ताण पडलाय म्हणून मी वाळून जाईन असं ज्यांना वाटतं त्यांनी डाळिंब लावून बघावं.

आज सकाळी प्रयोगशाळेत येऊन पिशवी सोडली. थोडी साल तांब्याच्या तपासणीसाठी वेगळी काढून पाकिटात भरली. ती पाठवणारच, त्यात तुमचीही गय नाही. तिचा निकाल यायला आठवडा लागेल. पण वहीतला तक्ता आजच भरायचा असतो. स्रोत: अकरा नंबरचं झाड. फवारणी: नाही. पुढे पेन थांबलं. पहिल्या वेळी तिथे काय लिहिलं होतं ते मागचं पान उलटून बघितलं.

या वेळीही तेच लिहिलं. मामांच्या सांगण्यावरून.